अल्पोपहाराशिवाय कोणीही जाऊ नये

भिलाईच्या कारखान्यात देवाजी नंदेश्वर आवक-जावक कारकून होते. आलेला कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा, त्यावर नंबर घालायचा, तारीख घालायची, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच. या कामाचा माणसाला वर्षभरात वीट येतो. देवाजींना तो कधीच आला नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं, की वाचणाऱ्याला परत काही विचारावं लागू नये, असा कागद पाहिजे.

सत्तावन्न साली ते गोंदियाकडून आले. तिथं कौलांच्या कारखान्यात ते हजेरीबाबू होते. लोखंडाचा मोठा कारखाना उभा होतोय असं कळलं तेव्हा बायको शेवंता, मुलगी शालू, एक ट्रंक आणि एक दौत एवढं घेऊन ते गाडीत बसले. भिलाईत तेव्हा धड रस्ते नव्हते. तंबू होते, लाल धूळ होती, क्रेनी होत्या आणि त्या धुळीत टोप्या सांभाळत फिरणारे रशियन होते. कागद मात्र पहिल्या दिवसापासून भरपूर होते. देवाजींना गाव आवडलं.

देवाजी राहत होते त्या खुर्सीपार वस्तीत विदर्भातली बरीच मंडळी राहायला आली होती. देवाजींचं अक्षर मोत्यासारखं असल्यामुळे कोणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर लिहायला लोक त्यांच्याकडे येऊ लागले. आणि त्या काळात ते काम काही सोपं नव्हतं. नागपूरला धम्मदीक्षा होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. वर गणपती, खाली कुलदेवता, मधे गोरज मुहूर्त हा जुना साचा गेला होता आणि नवा अजून कोणी ठरवला नव्हता. देवाजींनी पहिली पत्रिका लिहिली ती ‘भगवान बुद्धांच्या कृपेने’ अशी सुरू केली आणि वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवली.

बैठकीत अंजनाबाई होत्या. पवनीकडच्या, विधवा, चाळिशीत अक्षरओळख करून घेतलेल्या, आणि त्यामुळे प्रत्येक अक्षराकडे संशयानं पाहणाऱ्या.

“देवाजी,” त्या म्हणाल्या, “बुद्धानं कोणावर किरपा केली बापा? त्यानं तर सांगतलं, तुमचं तुमीच पाहा.”

देवाजींनी ‘कृपेने’ खोडून ‘आशीर्वादाने’ केलं.

“आशीर्वाद तरी कुठं देत बसले होते थे,” अंजनाबाई म्हणाल्या.

शेवटी ‘भगवान बुद्ध व बाबासाहेब यांना वंदन करून’ हे मंजूर झालं. पुढं नवरीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ आलं. सौभाग्याची कांक्षा करणारी, असा त्याचा अर्थ देवाजींनी सांगितला. “इलेच कावून कांक्षा?” अंजनाबाईंनी विचारलं, “नवरदेवाले काई नसते वाटते?” ते गेलं आणि त्याच्या जागी ‘आयुष्मती’ आलं. त्या एका पत्रिकेला तीन बैठका लागल्या. पण पुढं खुर्सीपारातल्या सगळ्या पत्रिका त्याच वळणावर निघाल्या, आणि देवाजींचं नाव झालं.

मग रिसेप्शन आलं.

हा शब्द कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या इंग्रजी कार्डांवरून खाली उतरला. साठ साली क्रेनवर काम करणाऱ्या देवीदास गजभियेचं लग्न गावाकडं झालं, आणि भिलाईतल्या लोकांसाठी रिसेप्शन करायचंच असं त्यानं ठरवलं. ते काय असतं हे त्याला माहीत नव्हतं.

“नवरा-नवरी खुर्चीवर बसतेत,” देवाजींनी सांगितलं. “लोकं येऊन पाहतेत.”

“मंग?”

“मंग घरी जातेत.”

“बस, हेच पाह्यजे,” देवीदास म्हणाला.

देवाजींनी कार्ड लिहिलं. ‘स्वागत समारंभ. सायंकाळी सहा वाजता. सडक नंबर नऊ, क्वार्टर नंबर सात.’ लिहिताना देवीदास समोर बसला होता, आणि तो कुठल्या सेक्टरात राहतो हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे सेक्टर लिहायचा राहिला.

भिलाईचे सेक्टर एका साच्यातून काढलेले. सडक नंबर नऊ प्रत्येक सेक्टरात, क्वार्टर नंबर सात प्रत्येक सडकेवर, भिंतीचा रंग तोच, फाटकही तेच. बहुतेक पाहुणे भलत्याच सेक्टरातल्या सात नंबरात गेले. तिथं एक बंगाली फोरमन बनियनवर कोबीला पाणी घालत होता. धुतलेल्या कपड्यांतली बत्तीस माणसं हात जोडत आत आली, तेव्हा त्याला वाटलं, आपल्या बढतीची बातमी फुटली. तो दोन महिने तिची वाट पाहत होता. त्यानं घाईनं सदरा चढवला, सगळ्यांना बसवलं, चहा केला. एकानं नवरदेवासाठी आणलेला हार त्याच्याच गळ्यात घातला. मग तो उभा राहून चार शब्द बोलला. हे यश माझं एकट्याचं नाही, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तासाभरानं कोणीतरी हळूच विचारलं, नवरी कुठाय. फोरमननं आतून आपल्या बायकोला बोलावलं. ती पन्नाशीची होती.

तिकडं देवीदास आणि त्याची नवी बायको खुर्च्यांवर बसून होते आणि सात माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

पुढच्या महिन्यात फोरमनला बढती खरोखरच मिळाली, ही गोष्ट वेगळी. देवीदासही हसून मोकळा झाला. पण देवाजी आठ दिवस नीट जेवले नाहीत. आपल्या हातून अर्धा कागद बाहेर गेला, हे त्यांना सहन होईना. त्यानंतर त्यांच्या पत्रिका वाढत गेल्या. त्यात सेक्टर येऊ लागला, मग वळणं, मग खुणा. ‘पाण्याच्या टाकीकडून यावे, बाजाराकडून येऊ नये, कारण तिकडे खड्डा खणलेला आहे.’ एका पत्रिकेत तर ‘कोपऱ्यावरच्या घरातील कुत्रे भुंकते, पण चावत नाही’ असंही छापलं गेलं. त्या कुत्र्याच्या मालकानं तेवढी ओळ कापून दारावर चिकटवली.

त्रेसष्ट साली शालूचं लग्न ठरलं. मुलगा गुलाब रामटेके, गोंदियाला रेल्वेत तिकीटबाबू. त्याचे वडील आनंदराव मालगाडीवर गार्ड होते, आणि माणूस इतका मोकळा की देण्याघेण्याचा विषयच त्यांनी काढला नाही. लग्न सकाळी विहारात, पंचशील घेऊन साध्या पद्धतीनं व्हायचं होतं. पण सकाळी कारखान्यातल्या निम्म्या लोकांना सुटी मिळणार नव्हती. म्हणून संध्याकाळी शाळेच्या मैदानात रिसेप्शन ठेवलं.

देवाजींनी स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेचे अकरा मसुदे केले.

आहेराबद्दल त्यांच्या मनात काही गोंधळ नव्हता. बैठकीत त्यांनी स्वतःच ठराव मांडला होता, की आहेर बंद करा. ज्याच्याजवळ द्यायला नाही तो माणूस लग्नात खाली मान घालून बसतो, हे आपल्याला शोभत नाही. अंजनाबाईंनी त्या ठरावात एकही अक्षर खोडलं नव्हतं, आणि देवाजींना त्याचा फार अभिमान होता. म्हणून तळाच्या सूचनांत पहिली सूचना होती, ‘आहेर आणू नये.’

अडलं ते खाण्यापाशी. पूर्वीच्या दोन-तीन रिसेप्शनांत काही लोक घरून जेवून आले होते आणि काही उपाशी येऊन तसेच परत गेले होते. खायला आहे हे कळवणं भाग होतं. पण ते भारदस्तपणे कळवायचं होतं.

“लिहा ना, खाऊन-पिऊन जा म्हणून,” शेवंता म्हणाली.

“पत्रिकेत असं लिहीत नाईत.”

“कावून? पत्रिकेले भूक नाई लागत काय?”

दुसऱ्या दिवशी देवाजींनी कचेरीत मोहरीलबाबूंना विचारलं. शामसुंदर मोहरील हे नागपूरचे, हेडक्लार्क. शुद्ध मराठीचा सगळा साठा आपल्याकडे आहे, अशी त्यांची समजूत होती आणि इतरांचीही होती. कोणी शब्द मागितला की ते आधी डोळे मिटत.

“काय देणार आहात?” त्यांनी डोळे मिटून विचारलं.

“आलूबोंडे, चिवडा, बुंदी, चहा.”

“म्हणजे स्नेहभोजन नाही. चहापान म्हटलं तर बोंड्यांवर अन्याय होतो.” मग मोहरीलबाबू डोळे उघडून म्हणाले, “अल्पोपहार.”

देवाजी सायकलवरून घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात घोळवत होते.

“थे काय असते?” शेवंतानं विचारलं.

“नाश्ता.”

“मंग नाश्ताच लिहा.”

“नाश्ता हाटेलात भेटते,” देवाजी म्हणाले. “अल्पोपहार घरचा असते.”

आग्रह तर हवाच होता, म्हणून त्यांनी त्याचं पक्कं वाक्य केलं. दुर्गच्या छापखान्यातून गुलाबी कागदावर पत्रिका छापून आल्या, तेव्हा तळाशी ठळक अक्षरांत दोन सूचना होत्या:

‘१. आहेर आणू नये.
२. अल्पोपहाराशिवाय कोणीही जाऊ नये.’

देवाजींनी त्या तीन वेळा वाचल्या. कोणालाही परत काही विचारावं लागणार नव्हतं.

पहिली पत्रिका शेजारच्या भैयालालला गेली. भैयालाल मूळचा जवळच्याच कुरुदचा, कोक ओव्हन खात्यात कामाला. नंदेश्वरांच्या भिंतीला भिंत लागून सहा वर्षं राहिल्यामुळे आपल्याला मराठी येतं, असं तो मानत असे. त्याच्या खात्यातले छत्तीसगढी आणि हिंदी लोकही तसंच मानत. त्यानं ओट्यावर बसून पत्रिका मोठ्यानं वाचली. आहेर त्याला माहीत होता, तो मोठा असतो: साड्या, टोपल्या, पितळेची घागर. आणि उपहार तर हिंदीच शब्द. उपहार म्हणजे भेटवस्तू, शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. अल्प म्हणजे लहान.

“देखो,” तो जमलेल्यांना म्हणाला, “बडा चीज मना हे. छोटा चीज लाना जरूरी हे. बिना छोटा चीज के कोई नहीं जाएगा.”

मग त्यानं पत्रिकेची नीट घडी केली आणि पुढं म्हणाला, देवाजी भाईसारखा गरिबाचं मन ओळखणारा माणूस नाही. आहेर बंद केला, पण कोणी रिकाम्या हातानं जाऊन लाजू नये म्हणून छोटी वस्तू सगळ्यांना सारखी केली. ही गोष्ट सगळ्यांना पटली. हिंदीवाल्यांनी भैयालालला विचारलं. आणि भैयालाल समजावून सांगतोय असं कळल्यावर खुर्सीपारातले मराठी लोकही त्यालाच विचारू लागले, कारण अल्पोपहार हा शब्द त्यांच्याही गावात कधी आला नव्हता.

यातलं काही देवाजींच्या कानावर नव्हतं. लग्नाच्या चार दिवस आधी देवीदास त्यांना कारखान्याच्या गेटवर भेटला.

“भाऊ, अल्पोपहार केवढा असावा?”

देवाजींना वाटलं, बोंड्याबद्दल विचारतोय. “मुठीत मावन एवढा,” ते म्हणाले.

“बायकोचा अन् माया एकच चालन का?”

“एक कावून? दोघायचे दोन. लेकरायचे अलग.”

देवीदास विचारात पडला. “माय धरून पाच होतेत भाऊ.”

“होऊ दे ना. पाचाचे सात झाले तरी मले आनंदच हाये.”

देवाजी फार उदार मनानं पुढं गेले. देवीदास बाजारात गेला.

सकाळी विहारात लग्न छान झालं. शालूनं पांढरी साडी नेसली होती. पंचशील म्हणताना गुलाबचा आवाज एकदा अडकला तेव्हा तिनं हळूच पुढचा शब्द सांगितला, आणि आनंदरावांनी तो ऐकून सुनेकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं.

संध्याकाळी मैदानात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला कनात लावून शेवंता आणि वस्तीतल्या बाया बोंड्यांच्या घमेल्यांपाशी उभ्या होत्या. दारावर व्यवस्था बघायला भैयालाल आपणहून उभा राहिला होता. देवाजी कोट घालून मैदानात फिरत होते, आणि माणसं येत होती. सगळी एक हात मुठीत धरून येत होती, हे त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. पण कोटाचं बटण तुटायच्या बेतात असल्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष तिकडं होतं.

“अल्पोपहार झाला का?” ते प्रत्येकाला विचारत.

“हो, झाला,” प्रत्येक जण म्हणे.

“संकोच तं नाई ना केला?”

“नाई, नाई. तुमी सांगतलं तेवढाच.”

देवाजींना धन्य वाटलं. इतकं बिनबोभाट रिसेप्शन भिलाईत झालं नव्हतं.

ज्या शेडमध्ये ते कागद पोचवायचे, तिथले रशियन इंजिनियर झाखार साहेबही आले. सोबत त्यांचा दुभाषा विजयकुमार होता. विजयकुमार मूळ जबलपूरचा, त्याला हिंदी आणि रशियन यायचं. पत्रिकेचं भाषांतर त्यानंच करून सांगितलं होतं. झाखार साहेबांनी शालूसमोर वाकून तिच्या तळहातावर बोराएवढी एक लाकडी बाहुली ठेवली. एकात एक बसणाऱ्या सात बाहुल्यांतली ती सगळ्यात आतली होती. छोटीच पाहिजे असं पत्रिकेत असल्यामुळे बाकीच्या सहा त्यांनी घरी ठेवल्या होत्या.

तेवढ्यात कनातीमागून शेवंता आली. तिच्या हातात झारा होता.

“अवो, कोणी खाऊन नाई राहिलं.”

“खाऊन राहिले ना. मी सगळ्यायले विचारलं.”

“काय खाऊन राहिले? दोनशे बोंडे जसेच्या तसे हायेत. चहा दोनदा गरम केला.”

देवाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग मैदानाकडे पाहिलं. लोक रांगेनं बसले होते, हात रिकामे, चेहरे प्रसन्न. काही जण नमस्कार करून निघतही होते. इतक्यात दाराकडून मोहरीलबाबू आले. ते रागावलेले नव्हते, पण बरेच गोंधळलेले होते.

“नंदेश्वर,” ते म्हणाले, “तुमच्या दारावर त्या गृहस्थांनी मला अल्पोपहार मागितला. मी म्हटलं, तो आत असेल. ते म्हणाले, नाही बाबूजी, तो बाहेरून आणायचा आहे. शेवटी खिशातली पेन्सिल काढून दिली, तेव्हा आत सोडलं.”

देवाजी खुर्च्यांपाशी गेले. शालू आणि गुलाब यांच्यामधल्या टेबलावर ढीग होता. एक लिंबू. एक कंगवा. टाचण्यांची पुडी. बटणं. चहाचे नऊ चमचे, नऊ घरचे. बशीशिवाय एक कप; बशी धरली तर वस्तू मोठी होते, असा त्या घरात वाद होऊन तो तसा आला होता. अंजनाबाईंनी सुई आणली होती, पण दोरा ओवून. भैयालालचं स्वतःच्या वाडीतलं वांगं होतं, चमकीच्या कागदात गुंडाळलेलं. देवीदासच्या घरचे पाच भोवरे होते. आणि सगळ्यात वर एक शिट्टी होती, चकचकीत पितळेची.

“ही कोणाची?” देवाजींनी कसंबसं विचारलं.

“माझी,” आनंदराव संकोचून म्हणाले. “नवरदेवाच्या बापाला लागू आहे की नाही ते कळेना. पण पत्रिकेत कोणीही म्हटलं होतं. भिलाईची रीत असेल म्हणून आणली.”

मग भैयालालला बोलावलं, आणि त्यानं मोठ्या समाधानानं सगळं सांगितलं. आहेर मोठा, उपहार छोटा, बिना उपहार के कोई नहीं जाएगा. “कारड म तो तुमन खुदे लिखे हव,” तो म्हणाला. तुम्हीच तर लिहिलं आहे.

देवाजींना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्च्या दोनच होत्या. ज्या माणसानं आहेर बंद करायचा ठराव मांडला, त्यानं गुलाबी कागदावर छापून, नंबर घालून, दीडशे लोकांकडून वस्तू वसूल केल्या होत्या. अंजनाबाई समोरच होत्या. देवाजींनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. मोहरीलबाबूंनी डोळे मिटले, पण यावेळी शब्दासाठी नाही. आणि शालू पदरात तोंड घालून हसत होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या म्हणून ते कळलं.

कागदात चूक झाली तर काय करायचं, हे देवाजींना माहीत होतं. ते शाळेच्या बाकावर चढले.

“मंडळी,” ते म्हणाले, “एक शुद्धिपत्रक आहे. पत्रिकेतली सूचना क्रमांक दोन. तिच्यात जिथं अल्पोपहार छापलं आहे, तिथं नाश्ता वाचावं. हिंदीत अल्पाहार. तो तुम्ही आणायचा नव्हता, आम्ही द्यायचा होता. तो कनातीमागं आहे.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “चूक माझी हाये. मले माफ करा.”

मागच्या रांगेतून देवीदासनं विचारलं, “म्हंजे मुठीत मावन थे काय होतं भाऊ?”

“बोंडा,” देवाजी म्हणाले.

त्यानंतर जे हसू उठलं ते बराच वेळ थांबलं नाही. विजयकुमारनं झाखार साहेबांना समजावून सांगितलं आणि साहेब गुडघ्यावर हात आपटत हसू लागले. पण हसता हसता लोक कनातीकडं निघाले होते. निघून गेलेल्यांना सायकल पाठवून परत आणलं. बोंडे संपले, चिवडा संपला, चहाला तर साखर शेजारून आणावी लागली. भैयालालनं एकट्यानं आठ बोंडे खाल्ले आणि मराठी भाषा फार कठीण असल्याचं सांगितलं.

ढिगाचं काय करायचं हा प्रश्न राहिला. देवाजी म्हणाले, ज्याची त्याला परत. पण नऊ चमच्यांतला कुठला कोणाचा हे कोणाला सांगता येईना, आणि दिलेली वस्तू परत घ्यायला लोक तयार होईनात. देवाजी नोंदवही काढायच्या बेतात होते, तेव्हा शेवंतानं ते काम आपल्याकडं घेतलं. तिनं टेबल उचलून दारापाशी नेऊन ठेवलं आणि सांगितलं, जाताना ज्यानं त्यानं समोर येईल ते एक उचलायचं, निवडायचं नाही. म्हणजे घेतलंही नाही अन् परत केलं असंही नाही.

झाखार साहेबांना वांगं मिळालं. त्यांनी ते कोटाच्या वरच्या खिशात खोचलं. मोहरीलबाबूंना भोवरा मिळाला, भैयालालला त्यांची पेन्सिल. आनंदरावांच्या हाती अंजनाबाईंची सुई आली आणि अंजनाबाईंच्या हाती शिट्टी. त्यांनी ती तिथंच एकदा वाजवून पाहिली. पुढची दहा वर्षं वस्तीच्या बैठकीत दोन माणसं एकदम बोलू लागली की शिट्टी वाजे.

“तुया ठराव मोडला नाई,” त्या जाताना देवाजींना म्हणाल्या. “पण पुढच्या वेळी खायचं असन तं ‘खा’ लिहित जाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं शालू गोंदियाला निघाली. गाडी सुटायच्या आधी देवाजींनी फलाटावरून, खिडकीतून एक घडी केलेला कागद तिच्या हातात दिला. गोंदियाला कुठल्या बाजूनं उतरायचं, पुलावरून की खालून, टांगा कुठं मिळतो, सासरचं घर कितवं, सगळं त्यात होतं.

“बाबा,” शालू म्हणाली, “गोंदिया मले माहीत हाये. अन् मामंजी रेल्वेतच हायेत.”

“असू दे जवळ,” देवाजी म्हणाले.

तिनं कागद ब्लाउजमध्ये ठेवला. गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत देवाजी हात वर करून उभे होते, आणि मग कोटाच्या बाहीनं चष्मा पुसत राहिले. चष्मा बराच वेळ पुसावा लागला. शेवंतानं कोटाचं तुटलेलं बटण त्यांच्या खिशात टाकलं.

त्यानंतर देवाजींच्या पत्रिका आटोपशीर झाल्या. पण लिहिणं त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी झाखार साहेबांचं लग्न ठरलं. नवरी त्यांच्याच देशातली, ड्रॉइंग ऑफिसात टायपिस्ट होती. साहेबांना तशीच पत्रिका हवी होती: गुलाबी, देवनागरीत आणि नंदेश्वरांच्या हातची. विजयकुमारनं बजावलं, की तिथं मराठी वाचणारा एकही माणूस नाही. देवाजी म्हणाले, मग तर निवांत लिहिता येईल. त्यांनी दोन पानी मजकूर केला. वधूवरांची पूर्ण नावं, दोन्हीकडच्या वडिलांची नावं, सेक्टर, सडक, जिना डावीकडचा की उजवीकडचा, सगळं. रशियन लोकांनी त्या पत्रिका भिंतीवर लावल्या. लग्नाला मात्र एकही माणूस चुकला नाही, कारण सगळे एकाच इमारतीत राहत होते.

देवाजी आणि शेवंताला मानानं पुढच्या टेबलाशी बसवलं. त्यांच्यापुढं लालभडक रस्सा भरलेल्या दोन थाळ्या आल्या, वर पांढरी साय तरंगत होती. शेवंतानं चमच्यानं ती ढवळून पाहिली.

“काय हाये हे?” तिनं हळूच विचारलं.

“मालूम नाई,” देवाजी म्हणाले. “इचारायचं राहूनच गेलं.”

शेवंतानं एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, “बीट हाये. खा, गरम हाये तोवर.”